रमाकांत भाऊजींचं भाषण

मुलांनो, आपल्या शेजारचे रमाकांत भाऊजी शांततेत बोलू शकत नाहीत. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते आधी आमच्या स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर सुरू करतात. रिकामा.

याला कारण आहे. त्यांचं आयुष्य भिवंडीतल्या नारपोलीत स्वतःच्या लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागाच्या, खडखडाटात गेलं. तिथे आवाज चालू म्हणजे सगळं ठीक. आवाज थांबला की धागा तुटला किंवा वीज गेली. हातातलं टाकून उठायचं. मी पंखा बंद केला तरी भाऊजी खुर्चीतून अर्धे उठतात आणि विचारतात, "काय तुटलं?"

अशा माणसाला मुंबईतल्या एका तांत्रिक परिषदेत भाषणाला बोलावलं. विषय, जुन्या लूमची देखभाल. परिषद इंटरनेटवर दिसणार होती आणि त्यांचा बंगळूरचा मुलगा मिहिर ती बघणार होता. मिहिर बारावी झाल्यावर शिकायला गेला, तो आता सणापुरताच येतो.

"वहिनी, जन्मभर मी काय केलं ते त्याला एकदा कळू दे," भाऊजी म्हणाले आणि मिक्सर लावला.

तालीम आमच्याकडे झाली. मी सांगितलं, श्रोत्यांकडे बघा आणि हात आवरा. हात काही आवरले नाहीत. लूमच्या आवाजात माणसं हातांनीच बोलतात. आमची एक बरणी फुटली.

परिषदेला मीच सोबत गेले. थंडगार सभागृह, पायाखाली जाड गालिचा. भाऊजी "नमस्कार" म्हणाले आणि सगळे अदबीने गप्प झाले. भाऊजी दचकले. माइक सोडून ते व्यासपीठाच्या कडेला आले आणि काय तुटलं ते वाकून खाली पाहू लागले. मग म्हणाले, "हे बघा, तुम्ही असे गप्प बसलात तर मला वाटतं काहीतरी बिघडलंय. आपापसात बोला. माझ्याबद्दल वाईट बोललात तरी चालेल."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, चालू करो!" आणि खुर्चीच्या हातावर ठोके द्यायला लागलं. तो आपल्या भिवंडीचाच असणार. बघता बघता सगळी रांग ठोकू लागली. त्या गोंगाटात भाऊजी जे सुटले, ते अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली तरी थांबले नाहीत. घंटी त्यांना ऐकूच आली नाही. नंतर चहाच्या टेबलापाशी इंजिनिअर मंडळींनी त्यांना असं घेरलं, की चहा गार झाला.

कल्याणमार्गे गाडीने परतताना कोन गावापाशी मिहिरचा फोन आला. भाऊजींनी घाईघाईने स्पीकर लावला.

"बाबा, सॉरी हं. नेमकी मीटिंग आली. रेकॉर्डिंग बघतो कधीतरी. कसं झालं?"

"झालं ठीक. नेहमीचंच रे. तू जेवलास का?"

"अजून नाही. बघतो काहीतरी."

भाऊजींनी फोन ठेवला. भिवंडीत धामणकर नाक्याच्या गर्दीत, हॉर्नच्या गोंगाटात गाडी अडकली, तेव्हा म्हणाले, "वहिनी, बंगळूरची गाडी कल्याणहून मिळते ना हो?"