भरती पुढे ढकलण्याबाबत

एक खिडकी. स्वयंपाकघरातली. चारही कडांना चिकटपट्टी, आणि वर एक खिळा, कारण घरातल्या बाईचा चिकटपट्टीवर विश्वास नाही.

एक व्यायामाची सायकल. तिला चाक एकच, आणि ते कितीही फिरवलं तरी माणूस पॅसेजमध्येच.

एक मोठा माणूस, ज्याला बारा महिने सर्दी असते.

एक बगळा. त्याला कुठंतरी टेकायचं आहे, बाकी काही मागणी नाही.

बंदर कार्यालयाला गेलेलं एक पत्र. विषय: भरती पुढे ढकलण्याबाबत.

आणि समुद्र, ज्याला यातलं कुणी काही विचारलेलं नाही.

शहराच्या कडेला, वस्ती आणि समुद्र यांच्या मधोमध, एक खारं तळं होतं. एके काळी एका अरुंद तोंडाने ते समुद्राला जोडलेलं होतं. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला बाहेर जायचं, आणि एवढ्यासाठी कुठल्याही खात्याची मंजुरी लागत नसे. मग ते तोंड बुजलं. म्हणजे शहराला जे जे नको होतं ते शहराने तिथे नेऊन टाकलं. पाणी आधी हिरवं झालं, मग काळं झालं, आणि अगदीच बघवेनासं झालं तेव्हा अहवालांत त्याला ‘जलसंपत्ती’ म्हणू लागले. संपत्ती म्हटल्यावर प्रकल्प आला. प्रकल्प म्हटल्यावर उपअभियंता आला, आणि तळ्याच्या काठावरच्या क्वार्टर्समध्ये बायकोसह राहू लागला.

बायकोने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराची खिडकी बंद करून टाकली.

“अहो, मला एकच सांगा. ही खिडकी उघडणार कधी?”

“उद्घाटन झालं की. तळ्याचं तोंड मोकळं झालं, समुद्राचं पाणी खेळायला लागलं, की वास संपला.”

“आणि नाही संपला तर?”

“संपणार गं.”

“नाही संपला तर मी दादाकडे चालले. बॅग भरलेली आहे. आणि या वेळी न्यायला येऊ नका. मागच्या वेळी तुम्ही आलात तर दादाची मुलं नाक धरून आत पळाली.”

मागच्या वेळी ती गेली होती तेव्हा उपअभियंत्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. घरात बोलायला कुणी नसलं की वास जास्त येतो. त्यामुळे उद्घाटनाची तारीख ठरवताना त्याने मुहूर्त, सुट्ट्या, पाहुण्यांची सोय असलं काहीही पाहिलं नाही. त्याने भरतीचं वेळापत्रक पाहिलं. सकाळी भरती होती. सकाळी तोंड उघडायचं, समुद्र आत घ्यायचा, दुपारी खिडकी उघडायची. इतका साधा विचार खात्यात याआधी कुणी केला नव्हता, आणि तो टिकणार नव्हताच.

मुख्य पाहुण्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला.

“साहेबांना सकाळी नाही जमत. दुपारी ठेवा. जेवणानंतर.”

“दुपारी ओहोटी आहे हो.”

“मग?”

“म्हणजे समुद्र तेव्हा मागे गेलेला असेल. पाणी आत येणार नाही.”

“मग भरती दुपारी घ्या ना. एवढा मोठा कार्यक्रम आहे.”

“ती आपण घेत नाही. ती येते.”

“कुणाकडे असतं हे? नंबर द्या, मी बोलतो.”

उपअभियंता मोठ्या साहेबांकडे धावला. मोठे साहेब त्याच्या वरचे अधिकारी. आजवर एकाही प्रश्नाचं उत्तर न देता ते इतके वर चढले होते.

“हे बघा,” ते म्हणाले, “आपण पाहुण्यांना नाही म्हणायचं नसतं. आपण लिहून विचारायचं असतं. नाही दुसऱ्याने म्हणू दे.”

म्हणून बंदर कार्यालयाला पत्र गेलं. जनहित लक्षात घेऊन त्या दिवशीची सकाळची भरती दुपारी घेण्याची विनंती करण्यात आली. उत्तर तत्परतेने आलं: भरतीचे वेळापत्रक या कार्यालयाकडून केवळ छापले जाते.

मोठे साहेब खूश. “पाहिलंत? नकार नाहीये. ते फक्त छापतात म्हणे. म्हणजे निर्णय आपल्यावर सोडलाय.”

“सर, पण दुपारी तोंड उघडलं तर समुद्र आत येणार नाही. आपलंच पाणी बाहेर जाईल.”

“जाऊ दे की. लोकांना काय बघायचंय? पाणी हलताना बघायचंय. कुठल्या दिशेला हलतंय ते बघायला कोण बसलंय?”

“सर, तळ उघडा पडेल.”

“पडू दे. तळातला गाळ उपसलाय ना? काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही कुणाची आहे?”

उपअभियंता गप्प बसला. सही त्याचीच होती. गाळ उपसलाही होता. फक्त काठाकाठाने, पायवाटेवरून नजर जाईल तिथपर्यंत. पण त्याच्या गप्प बसण्याला याहून जवळचं कारण होतं.

ती व्यायामाची सायकल मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या दादाने, भेट दिली होती. मेव्हण्याचं व्यायामाच्या सामानाचं दुकान होतं, आणि दुकानात जे खपत नसे ते तो प्रेमाने वाटत असे. सायकल पॅसेजमध्ये ठेवली गेली. बायकोने उरलेल्या पडद्याच्या कापडाचं, मोठ्या पिवळ्या फुलांचं, कव्हर शिवून तिच्या सीटला घातलं. त्यानंतर तिच्यावर टॉवेल बसले, छत्र्या बसल्या, इस्त्रीचे कपडे बसले. माणूस बसला नाही. उपअभियंत्याचा गुडघा मात्र रोज सकाळी तिच्या पेडलला भेटत असे. शेवटी एका रविवारी, बायको भावाकडे गेलेली असताना, तळ्याच्या पुनरुज्जीवनाची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या माणसाने ती सायकल कुंपणाच्या फटीतून ओढत नेली आणि खात्याची होडी काढून तळ्याच्या मध्यावर सोडून दिली. बायकोला सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. ती गोष्टही आता जुनी झाली होती. “फारच बारकाईने दुरुस्त करतायत वाटतं,” असं बायको अधूनमधून म्हणत असे.

समारंभ दुपारीच झाला.

मंडप तळ्याच्या काठावर. पहिल्या रांगेत अधिकारी, दुसऱ्या रांगेत त्यांच्या बायका, आणि उपअभियंत्याच्या बायकोशेजारी, खास कार्यक्रम बघायला आलेला, तिचा दादा. समोर काठोकाठ भरलेलं काळं तळं. पलीकडे मातीचा शेवटचा बांध आणि त्यावर पोकलेन. पाहुण्यांनी दाबायचं बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. ते दाबलं की मोठे साहेब रुमाल हलवणार होते.

पाहुणे आले. नाक लाल, आवाज बसलेला. त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, “वा! काय हवा आहे!”

बटण दाबलं. रुमाल हलला. पोकलेनने बांध खरवडला, आणि तळ्याच्या तोंडचं आणि उपअभियंत्याच्या तोंडचं पाणी एकदमच पळालं.

“हे पाणी तिकडे कुठं चाललंय?” पाहुण्यांनी विचारलं. “समुद्र इकडे येणार होता ना?”

“सर, आधी आपण जायचं,” मोठे साहेब म्हणाले. “मग ते येतात. शिष्टाचार आहे.”

पाहुण्यांना हे पटलं. ते भाषणाला उभे राहिले.

“मित्रहो, पाणी म्हणजे जीवन.”

(पाणी पायरीखाली.)

“हे तळं म्हणजे या शहराचा आरसा आहे.”

(टायर. आणखी टायर. बसची एक आख्खी सीट, खिडकीजवळची.)

“मी विचारतो, आपल्या वाडवडिलांनी आपल्यासाठी काय ठेवलं?”

(एक कमोड. गाद्या. शिवणयंत्राचा सांगाडा.)

“आणि आपण येणाऱ्या पिढीला काय देणार?”

(फ्रीज. दार उघडं. आत एक खेकडा, आणि त्याला उजेड आवडलेला नाही.)

“काही लोक विचारतात, साहेब, हे सगळं कुणी केलं? मी सांगतो. हे सगळं तुम्ही केलंत!”

(टाळ्या नाहीत.)

मंडपातल्या माना लांब झाल्या. लोक एकेक वस्तू ओळखत होते आणि ओळख दाखवत नव्हते. एका बाईने नवऱ्याचा दंड धरला, “अहो, तो आपला...” आणि नवरा म्हणाला, “भाषण ऐक.” मग वास आला. आजवर पाण्याखाली दबून राहिलेला वास. रुमाल निघाले, पदर नाकाला लागले. पाहुणे तेवढे छाती भरून श्वास घेत बोलत राहिले.

आणि तळ्याच्या मध्यावर चिखलातून हळूहळू एक हँडल वर आलं. मग सीट. सीटवरची पिवळी फुलं पाण्याखाली राहूनही फिकी पडली नव्हती. कापड चांगलं होतं.

“अहो,” दुसऱ्या रांगेतून आवाज आला. हळू, पण पहिल्या रांगेतल्या उपअभियंत्याच्या मानेवर बरोबर पोचेल असा. “तो माझा पडदा आहे.”

“सारखा दिसतो.”

“शिवणसुद्धा माझीच दिसतेय.”

“जावईबापू,” दादा पुढे वाकला. “हेच का ते दुरुस्तीचं दुकान?”

“मी सांगतो ना घरी गेल्यावर.”

“घरी तुम्ही जा,” बायको म्हणाली. “मी दादाबरोबर चालले.”

तेवढ्यात एक बगळा वरून आला. त्याने टायर पाहिले, फ्रीज पाहिला, कमोडभोवती एक फेरी मारली, आणि सगळ्याचा विचार करून तो सायकलच्या हँडलवर उतरला. पंख मिटले. एक पाय वर घेतला.

पाहुण्यांचं भाषण थांबलं. “अरे! हे काय आहे?”

आजवर एकाही प्रश्नाचं उत्तर न दिलेल्या मोठ्या साहेबांनी त्या दुपारी दुसरं उत्तर दिलं. “सर, पक्ष्यांच्या बैठकीची सोय. प्रायोगिक तत्त्वावर.”

“व्यायामाची सायकल?”

“टाकाऊ वस्तूंतून, सर.”

“म्हणजे आरोग्य आणि पर्यावरण एकाच ठिकाणी! वा! कल्पना कुणाची?”

श्रेय वाटण्याची वेळ आली की मोठे साहेब सहसा ऐकू कमी येत असल्यासारखं करत. पण धोका असेल तिथे त्यांचं मन मोठं होई. त्यांनी बोट दाखवलं. “ह्यांची, सर. संपूर्णपणे ह्यांची.”

पाहुण्यांनी माइकवरून उपअभियंत्याचं अभिनंदन केलं. एक सायकल पुरेशी नाही, असं ते म्हणाले. अशी बैठक प्रत्येक पक्ष्याला मिळाली पाहिजे. तळं सायकलींनी भरून टाका. टाळ्या आता आल्या, कडकडून, कारण सर्वांनाच विषय बदललेला हवा होता.

“पण सर, एवढ्या सायकली आणायच्या कुठून?” मोठे साहेब म्हणाले.

दुसऱ्या रांगेत दादा उभा राहिला. त्याने शर्ट नीट केला.

“साहेब, माझं दुकान आहे.”

त्यानंतर फारसं काही घडलं नाही, म्हणजे कामं झाली. उघडा पडलेला तळ सगळ्या शहराने पाहिल्यामुळे खात्याला तो खरोखरच साफ करावा लागला. टायर गेले, गाद्या गेल्या, फ्रीज गेला. त्यांच्या जागी कोऱ्या, वेष्टनासकट आलेल्या व्यायामाच्या सायकली चिखलात रोवण्यात आल्या. समुद्र तर उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळीच, ना पाहुणे ना भाषण, मोकळ्या तोंडाने आत आला होता आणि तेव्हापासून नेमाने येत-जात होता. पाणी निवळलं. लहान मासे आले, त्यांच्यामागे पक्षी आले. ते काठावर बसले, दगडांवर बसले, नव्या रोपांवर बसले. सायकलींवरही बसले, पण त्यात खात्याबद्दल काही मत व्यक्त केलं असं वाटलं नाही.

बायको दादाकडे गेली नाही. जाता आलं नाही. काम जवळून बघता यावं म्हणून दादाच त्यांच्याकडे राहायला आला होता. रागावून जायचं ठिकाण आता हॉलमधल्या दिवाणावर पेपर वाचत पडलेलं असे आणि चहा मागत असे. काही महिन्यांनी बायको नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, “अहो, आपण दोघं कुठेतरी जाऊया का?” उपअभियंत्याच्या आयुष्यातला तो सर्वात सुखाचा क्षण होता. तो म्हणाला, “जायचं कशाला? आज खिडकी उघडतो.”

त्याने खिळा उपटला. चिकटपट्टी सोलली. कडी सरकवली. दोघं शेजारी उभे राहिले, आणि त्याने दोन्ही दारं बाहेर ढकलली.

समोर तळं. ऊन पडलेलं, भरतीचं, निळसर. तळ दिसत होता. पलीकडे समुद्र. बायको बघतच राहिली.

“सुंदर केलंत हो,” ती म्हणाली.

मग तिने पदर नाकाला लावला.

“पाणी स्वच्छ आहे ना?”

“अगदी. काल तपासलंय.”

“गाळ काढलाय ना?”

“या वेळी खरोखर काढलाय.”

“मग?”

उपअभियंता बराच वेळ त्या नितळ पाण्याकडे संशयाने बघत राहिला. हॉलमधून दादा ओरडला, “काय करपलंय का?” बायकोने चिकटपट्टीचं रीळ नवऱ्याच्या हातात दिलं.

सोमवारी त्याने तळ्याच्या पुनरुज्जीवनाच्या दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव मांडला. मोठ्या साहेबांनी तो न वाचता मंजूर केला.

क्वार्टर्स बांधली तेव्हा स्वयंपाकघराच्या सांडपाण्याची नळी गटाराला जोडायची राहून गेली, आणि ती खिडकीच्या बरोबर खाली, झुडपात, उघडीच संपते.