साडेचार हजार रुमालांची नावे धुतली, त्याची हकिकत

श्री. ज्या धन्यास सहस्र नावे असोन त्यातील एकही अधिक झाले म्हणोन आजवर कोणी काढो धजला नाही, त्यास नमन करोन हकिकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास, वद्य पक्ष, ते समयी एका राज्यात (कोणत्या ते विचारू नये, विचारील त्यास आपलेच वाटेल) पुनर्वसनाचे दप्तरखान्यावर प्रसंग गुदरला तो येणेप्रमाणे. राज्याने नदीस बांध घातला आणि बांधामागे पाणी चढोन कुंभेसरे म्हणोन गाव होता तो बुडाला, आणि गावची माणसे माळावर पत्र्याचे छपराखाली येऊन बसली, आणि ज्याचे जुने घर जितक्या खणांचे त्या मानाने त्यास नवी जागा द्यावी ऐसा ठराव जाहला. मग कोणाचे घर किती खणांचे हे सांगावे कोणी? घरे तर पाण्याखाली, तेथे मासे नांदत होते आणि मासे साक्षीस येत नाहीत. म्हणोन दप्तरात लिहिले असेल तेवढेच घर, ऐसे ठरले.

दप्तर हल्ली यंत्रात. यंत्रात कागद बांधोन ठेवण्याची जी पुरचुंडी, तीस इतर जन फोल्डर म्हणतात, दप्तरखान्यात जुने सवयीने रुमाल म्हणत. ऐसे रुमाल साडेचार हजार, आणि एकेकाचे नावास दागिने काय सांगावे! एका कारकुनाने आपला रुमाल यादीत वर यावा म्हणोन नावापुढे टिंब दिले, ते पाहोन शेजारच्या बाईंनी दोन दिली, मग तिसऱ्याने तीन, आणि वर्षअखेर सात टिंबांवर तह जाहला. कोणी नावावर कंसांचे छत्र धरी, कोणी शेवटास तीन उद्गारचिन्हांचे भालदार उभे करी, आणि एकाने नावात टक्क्याची खूण घातली होती ती कशास हे त्यासही ठाऊक नव्हते, परंतु काढो म्हटले तर डोळ्यांत पाणी आणी. आणि या सर्वांवर दप्तरखान्याची एक रीत अशी की, मागल्या माणसाचे रुमालास पुढल्याने हात लावू नये. त्याचा अपमान होतो. त्याचे शेजारी त्याच नावाचा आपला नवा रुमाल मांडावा आणि आपली खूण करावी अथवा न करावी. ऐसे करिता एकेका घराचे दोन दोन रुमाल शेजारी शेजारी बसले होते, जसे एका पाटावर दोन नवरदेव.

मग राजधानीहोन खलिता आला की नवे यंत्र येत आहे, ते थोर आहे परंतु सोवळे आहे, टिंबे, कंस, उद्गार, टक्के, जाळ्या ऐसी अक्षरे नावात असता त्यास दरवाजा उघडत नाही. तरी सर्व नावांतील नको ती अक्षरे काढोन टाकावी, गुरुवारी दोन प्रहरी हुजूर मंत्रीसाहेब स्वतः येऊन नवे यंत्र सुरू करतील, आणि जुने यंत्र तेच सायंकाळी पुसोन भंगारात घालावे. शुक्रवारी कुंभेसऱ्याची सुनावणी, ती नव्या यंत्रावरूनच होईल.

दप्तरखान्याचे कारभारी भालचंद्रराव. चोवीस वर्षे कारभार केला, परंतु हाताने हुकूम म्हणोन एक ओळ लिहिली नाही, ही त्यांची ख्याती. कोणी लेखी मागता हसोन म्हणावे, "जे योग्य असेल ते करा," आणि चहा मागवावा. मग योग्य ठरले तर यश कारभाऱ्यांचे, अयोग्य ठरले तर करणाऱ्याचे. चोवीस वर्षांत सही एकदाच घाईत पडली होती, ती कुंभेसऱ्याचे मोजणीवर, आणि तिची गोष्ट पुढे येते.

त्यांचे हाताखाली दप्तर सांभाळावयास द्वारकाबाई होत्या. एकोणीस वर्षे त्याच खुर्चीवर, चष्मा गळ्यात, आणि कोणता रुमाल कोठे हे यादी न उघडता सांगत. गुरुवारी सकाळी दहास यंत्रविद्येचा जाणता दाऊद शेख आला आणि बाईंचे शेजारी बसोन एक लहानसा मंत्र लिहिता जाहला. बाईंनी पुसिले, "दाऊदभाई, साडेचार हजार नावे, एकेक करोन माझी सेवानिवृत्ती होईल. तुम्हास किती लागेल?" दाऊद म्हणाला, "ताई, एक हुकूम सुटला की अर्ध्या मिनिटात सगळी न्हाऊन निघतात. तुम्ही चहाचा कप तोंडाला लावा, खाली ठेवाल तेव्हा झालेलं असेल." बाई म्हणाल्या, "अर्ध्या मिनिटात जे होते त्याची मला भीती वाटते. आधी लुटुपुटीची स्वारी करता येईल का? म्हणजे नावे बदलणार काय ती नुसती दाखवायची, बदलायची नाहीत?" दाऊद हसला. "आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. येते की."

मग लुटुपुटीची स्वारी निघाली आणि पडद्यावर नावे धावो लागली. टिंबे गळाली, छत्रे मोडली, भालदार पळाले, आणि बाई गालात हसत होत्या तो यादी तांबडी जाहली आणि तेथेच थांबली. दोनशे चौदा ओळी तांबड्या. दाऊदाने मान पुढे घेतली. "ताई, ही बघा. ठमाबाई घर दोनशे सतरा, आणि जाळीवाली ठमाबाई घर दोनशे सतरा. जाळी काढली की दोघींचं नाव एक. एका जागी एका नावाचे दोन रुमाल राहात नाहीत. एक दुसऱ्यावर बसणार." "आणि खालचा?" "खालचा गेला. आतले कागदही दोन्हीकडे 'मोजणी' याच नावाचे आहेत. ज्यावर शेवटची लेखणी लागली तो राहतो, जुना जातो."

ऐकताच बाईंचे हातातील कप बशीवर वाजला. कारण जाळी म्हणजे काय हे दप्तरखान्यात त्यांसच ठाऊक. आडव्या दोन, उभ्या दोन रेघांची ती खूण वामनपंतांची. पंत दप्तरखान्यातच मोजणीचे कामावर होते. पाणी चढावयाचे आधी चार महिने ते कुंभेसऱ्यास पायी फिरले, घरोघर दोरी धरोन खण मोजले, आणि ज्या घरात स्वतः पाऊल टाकिले त्याच रुमालास जाळी दिली, कारण ती खणांचे नकाशासारखी दिसते म्हणत. मग पंतांचे गुडघे गेले आणि ते निवृत्त जाहले, आणि पाठीमागोन मोजणीचे मक्तेदाराचे लोकांनी पंख्याखाली बसोन दुसरी मोजणी रचिली, तीत प्रत्येक घर दोन खणांचे, आणि तीवर भालचंद्ररावांची ती एकमेव सही. रीतीप्रमाणे कोणी पंतांचा रुमाल मोडिला नाही. नवा शेजारी मांडिला. आता अर्ध्या मिनिटात खरी मोजणी खोट्या मोजणीचे खाली जाणार होती, आणि ते कोणी केले नसते. कोणी काही पुसिले नसते, नुसती नावे धुतली असती.

दाराशी बाकावर कुंभेसऱ्याची ठमाबाई उद्याचे सुनावणीचा वेळ विचारावयास येऊन बसली होती, कपाळाला पदर, मांडीवर पिशवी. बाईंनी तीस आत बोलाविले आणि हळूच पुसिले, "आजी, वामनपंत तुमच्या घरी आले होते का?" ठमाबाई म्हणाली, "आलं हुतं की! सात खण मोजलं, गोठा येगळा. म्या म्हटलं पंत, भाकर खावा, तर म्हणलं, मोजणीच्या घरी पाणीसुदीक घेत न्हाई, उद्या कुणी म्हनल खाऊन खण वाडवलं. असा तिरसट बामन. का वो बाई, उद्या काय व्हनार?" बाईंनी पडद्याकडे मान वळविली. पडद्यावर शेजारचे रुमालात ठमाबाईचे घर दोन खणांचे होते, आणि गोठा नव्हताच.

इतक्यात भालचंद्रराव आले. घड्याळात अकरा वाजोन वीस. "काय सगुणोपासना चालली आहे? हुजूर बाराला येतात. चालवा मंत्र." बाईंनी तांबड्या ओळी दाखविल्या. साहेबांनी त्या पाहिल्या, आणि बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला, आणि तेथे अचंबा दिसला नाही. तेव्हा बाई काय ते समजल्या. साहेब म्हणाले, "एकसारखी नावे म्हणजे एकच माणूस. एकास दोन रुमाल हवेत कशाला? अडगळ जाते, बरेच आहे." दाऊद पडद्याकडेच पाहोन बोलिला, "साहेब, जाळी काढायच्या ऐवजी तिथं एक शब्द घातला तर दोन्ही राहतील. 'पायी' असं. मंत्रात एकच ओळ बदलायची." साहेबांचा स्वर चढला. "खलित्यात काढा असे लिहिले आहे. घाला असे कोठे आहे? कोण तू घालणारा? द्वारकाबाई, तुम्ही तरी सांगा यास!"

एकोणीस वर्षांत बाईंवर साहेबांस उलट बोलण्याचा प्रसंग आला नव्हता, आणि लेकीचे लग्न माघात होते, आणि डोंगरापलीकडील तालुक्यात बदली करणे साहेबांस एका फोनाचे काम. परंतु दाराशी बाकावर परत बसलेली ठमाबाई पाहात होती आणि तिची पिशवी मांडीवर तशीच. मग बाई उठल्या, आणि कपाटातोन कोरा कागद काढोन साहेबांपुढे ठेविला, आणि लेखणी त्यावर ठेविली, आणि बोलिल्या, "साहेब, आपण म्हणता ते करते. एवढेच लिहोन द्यावे: एका नावाचे दोन रुमाल निघता दुसरा राखावा, पहिला जाऊ द्यावा. खाली आपली सही. मग मी स्वतः कळ दाबते."

साहेबांनी कागदाकडे पाहिले. कागद कोरा, परंतु त्यावर ओळ आली असती तर मक्तेदाराची मोजणी, घाईतली सही आणि ही सही तिन्ही एका रेषेत आली असती, आणि ती रेष कोठे जाते हे त्यांइतके कोणास कळत नव्हते. चोवीस वर्षे ज्याने ओळ लिहिली नाही त्याचा हात लेखणीपर्यंत गेला आणि माघारी आला. घड्याळात पावणेबारा. मग खालोन गाड्यांचे भोंगे ऐको आले, आणि शिपाई धावत वर आला, "साहेब, हुजूर फाटकात!" साहेबांनी कोटाची गुंडी लाविली, आणि जिन्याकडे निघता निघता, न वळता, तोंडातोन सवयीचे वाक्य निघाले ते निघालेच: "जे योग्य असेल ते करा!"

बाई खुर्चीत बसल्या. दाऊद म्हणाला, "ताई, आता?" बाई म्हणाल्या, "ऐकले नाहीत? हुकूम झाला. घाला 'पायी'." दाऊदाने ओळ बदलिली, बोटे दोनदा चुकली, तिसऱ्याने जमली, आणि बाईंनी डोळे मिटले, आणि जिन्यावर पावले वाजत वर येत होती, आणि ते अर्धे मिनिट बाईंस लेकीचे वेळचे आपले बाळंतपणाहोन लांब वाटले. मग दाऊद बोलिला, "झालं. तांबडं एक नाही. दोनशे चौदा पायी, सगळे जागेवर."

हुजूर आले, फीत कापिली, हार जाहले, आणि मोठे पडद्यावर नवे यंत्र उघडिले. नावे स्वच्छ, ओळीने, जसे न्हाऊन बसलेले वऱ्हाडी. हुजूर सराईत, त्यांनी बोट ठेवोन पुसिले, "हे पुन्हापुन्हा पायी पायी काय लिहिलेय?" भालचंद्ररावांनी पडदा पाहिला. तोंडावरोन रंग उतरला. मागे वार्ताहर वह्या उघडोन उभे. आता नाही माहीत म्हणावे तर कारभारी कसला, आणि चूक म्हणावी तर फीत आत्ताच कापिली. मग कारभाऱ्यांनी छाती काढोन उत्तर केले, "साहेब, ते आमचे वैशिष्ट्य! ज्या घरी आमचा माणूस स्वतः पायी गेला, दोरी धरोन मोजले, तो रुमाल वेगळा राखिला आहे. तोच खरा मानावा, ऐसी व्यवस्था माझे कारकिर्दीत केली." हुजूर म्हणाले, "उत्तम! लिहोन घ्या," आणि चिटणिसाने इतिवृत्तात शब्दशः लिहोन घेतले, आणि भालचंद्ररावांनी त्याखाली हसतमुखाने सही केली. ती दुसरी.

शुक्रवारी सुनावणी जाहली. पायी मोजलेला रुमाल प्रमाण, ऐसे इतिवृत्त वाचोन दाखविले, आणि ठमाबाईस सात खणांची जागा आणि गोठ्याची वेगळी नेमिली गेली, आणि तिचे मागोमाग दोनशे तेरा घरांस त्यांची त्यांची. वामनपंतांस निरोप गेला तेव्हा ते गुडघ्यास तेल लावीत होते, म्हणाले, "जाळी गेली म्हणता? चांगली होती हो खूण." ठमाबाईने बाईंस पिशवीतोन भाकर काढोन देऊ केली. बाई म्हणाल्या, "आजी, मोजणी झाली, आता खाते," आणि उभ्याउभ्या खाल्ली.

पौषात द्वारकाबाईंची बदली डोंगरापलीकडील तालुक्यास जाहली. कारण लेखी विचारिता कारण लेखी मिळाले नाही. तेथे पहिले दिवशी यंत्र उघडिले तो एका रुमालाचे नावापुढे नऊ टिंबे.

तात्पर्य इतुकेच की, नाव धुणे सोपे, कोणाचे घर त्या नावात राहते हे आधी पाहावे. आणि जो कधी लिहीत नाही त्यापुढे भांडण नेऊ नये, कोरा कागद न्यावा. जाणिजे. लेखनसीमा.