उत्तरेच्या उजेडाची तालीम

अकोल्याच्या वैशाखात, कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसत तेव्हा, आमचे शेजारी नानाजी ओट्यावर लोकरीचा ओव्हरकोट घालून बसत. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या लिलावात तो त्यांनी घेतला होता. कपाळावरचा घाम निपटत ते मला सांगत, "थंडीची सवय तेथं गेल्यावर होईन, मास्तर. कोटाची आतापासून करा लागते."

तेथं म्हणजे नॉर्वेत. तिथं हिवाळ्यात रात्रीच्या आभाळात हिरवा-तांबडा उजेड पडद्यासारखा हलतो, असं मी एकदा त्यांना मासिकातून वाचून दाखवलं, तेवढंच निमित्त. नानाजींची हिवरखेडला संत्र्यांची बाग, अकोल्यात बिऱ्हाड, बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. तिळाचे लाडू बोटीवर किती दिवस टिकतील हे पाहायला त्यांनी संक्रांतीला एक डबा माळ्यावर टाकला आणि दसऱ्याला त्यातला एक मला खायला लावला. "दात शाबूत हायेत ना? मंग टिकले."

सोबत मी जायचं ठरलं होतं. त्यासाठी माझी रोज परीक्षा चाले. रस्त्यात काही दिसलं की विचारत, "सांगा, कसं हाये?" मी "छान" म्हटलं की चिडत. "छान तर माही सासू बी म्हने. कसं हाये ते सांगा!" मग मी सांगे: कापसाच्या गाड्या कशा कलल्यात, चिंचेवर बगळे कसे बसलेत. नानाजी डोळे मिटून ऐकत. दिवेलागण झाली की मात्र हटकून घरात शिरून दार लावून घेत. लवकर निजत असतील, असं मी समजे.

रंगीत तालीम चिखलदऱ्याला ठरली, पौषात. दमणीला बैल जुंपून आम्ही घाट चढलो. डाकबंगल्यात जेवणं झाल्यावर नानाजी म्हणाले, "चाला कड्यावर." त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. वारा कानात सुया टोचत होता. त्यांना ओव्हरकोट, मला एक शाल.

"सांगा, आभाळ कसं हाये?"

वर चांदण्यांचा नुसता सडा पडला होता. पण सांगायला लागलो असतो तर तासभर सुटका नव्हती, आणि मला बंगल्यातली शेगडी हवी होती. मी म्हणालो, "ढग आहेत, नानाजी. काही दिसत नाही."

मान वर करून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. "बरं. चाला."

त्यांनी स्वतः कसं पाहिलं नाही, हा प्रश्न मला शेगडीवर हात शेकताना पडला. उत्तरही लगेच मिळालं. तरी मी शेगडीपाशीच बसून राहिलो.

सकाळी चहा आणताना खानसामा म्हणाला, "रात को क्या तारे थे, साब! एक बादल नहीं." नानाजींनी बशीतला चहा संपवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

घाट उतरताना तेवढे बोलले. "लहानपनापासून मले रातचं दिसत नाही, मास्तर. चांदनी कशी असते, ठाऊक नाही. तो उजेड मोठा हाये म्हनता, तर वाटलं, तेवढा तरी दिसन. अन् नाहीच दिसला, तर तुमी सांगान."

माफी मागायला हवी होती. मी बैलांच्या शिंगांकडे बघत बसलो. नॉर्वेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुढं माझी अमरावतीला बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, धीर करून, हिवरखेडला गेलो. ओव्हरकोट बागेत बुजगावण्याच्या अंगावर होता. भर दुपार, लख्ख ऊन. नानाजींना माझ्याइतकंच दिसत होतं. तरी त्यांनी जवळ येऊन माझा खांदा धरला.

"सांगा, कसं हाये?"

मी सांगितलं. एक बाही उसवलीय, कॉलर कसरीनं खाल्लीय, खिशात साळुंकीनं काड्या भरल्यात, आणि या कोटाला कुणीही भीत नाही.

"बराबर," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता त्या रातचं सांगा."