लाल टोपीची नातसून

माणूस पारखण्यात आपला हात धरणारे कोन गावात कोणी नाही, असे ठकुबाई स्वतःच सांगत. म्हणून नातू केसरीनाथ मानकोलीच्या मैनेवर भाळल्याचे कळले, तेव्हा त्यांनी निकाल तिथल्या तिथे द्यायचे ठरवले. पिशवीत कुंकवाचा करंडा, तांदूळ, खण आणि नारळ घेतला.

"पसंत पडली तर तिथंच कुंकू लावीन. न्हाय पडली, तर नारळ घरी आनून आमटीत घालीन!"

एकदा चारचौघांत कुंकू लागले की लग्नाचा शब्द दिला गेला. केसरीनाथाने 'आज नको' म्हणून पाहिले. कारण मैना त्या दिवशी आजीला पोहे देणार नव्हती; ती भिवंडीत, बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये, चाकांचे बूट घालून धक्काबुक्की करणार होती.

खेळ साधा होता. दोन्ही बाजूंच्या मुली गोल फिरत. लाल टोपीवालीने समोरच्या बाजूच्या मुलींना रेटून पुढे निघायचे. जितक्या मागे टाकल्या, तितके गुण.

"आजी, लाल टोपीवाली ती मैना. पन ती टोपी मधीच—"

"खूण कळली. आता तोंड मिट!"

केसरीनाथाने तोंड मिटले आणि तो मागे पुरुषांच्या बाकांवर जाऊन बसला. ठकुबाई बायकांत, अगदी पुढे.

शिट्टी झाली. लाल टोपी निघाली, दोघींच्या मधून शिरली, तिसरीने खांदा मारताच आपटली. ठकुबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं भवाने, माझ्या पोरीला ढकलतेस?"

"अम्मा, बैठ जाओ! पीछे कुछ दिखता नहीं!" मागून एक मागवाला ओरडला.

ठकुबाई वळल्या. त्या मागवाल्याला त्याच्या आईने काय शिकवायला हवे होते, ते त्यांनी सविस्तर सांगितले. तो बिचारा खाली बसला. ठकुबाई पुन्हा रिंगणाकडे वळल्या, तर लाल टोपी सुसाट सुटलेली! एकीला कमरेने उडवले, दुसरीला खांद्याने, आणि सामना जिंकला. असा खांदा असेल तर घरात हिच्यापुढे थोरल्या जावांचे काही चालायचे नाही, हे ठकुबाईंनी ओळखले.

त्या पिशवी घेऊन थेट रिंगणात शिरल्या. धापा टाकणाऱ्या लाल टोपीला कुंकू लावले, ओटी भरली आणि शेडभर ऐकू जाईल असे म्हणाल्या, "ही माझी नातसून!"

पुरुषांच्या बाकांवर केसरीनाथाने डोके धरले.

"बरं हाय न्हवं तुमचं, आजी?" लाल टोपीने घाम पुसला. "ओटी भरलीत, लय बरं वाटलं. पन माझा दादला तो बगा, दोन पोरं घेऊन बसलाय."

"मग मैना कुठं हाय?"

"मी मैना." मागे एक पोर उभी होती. कोपर सोललेले, डोळे भरलेले. "पडल्यावर पाय मुरगळला, आजी. म्हनून टोपी गंगूताईला दिली. खेळात तसं चालतं."

दिलेला शब्द फिरवला तर ठकुबाई कसल्या! आणि न फिरवला, तर नातू आयुष्यभर बोलला नसता. गंगूच्या नवऱ्याने तेवढ्यात धाकटे पोर कडेवर घट्ट धरले.

"रडतेस काय?" ठकुबाई कडाडल्या. "पडल्यावर जिच्या हाती टोपी दिलीस, ती तुझी पाठराखीण. आमच्याकडं पाठराखणीची ओटी आधी भरतात! चल, कपाळ पुढं कर!"

अशी रीत कोनमध्ये कोणी ऐकली नव्हती. पण ठकुबाईंना तसे सांगणार कोण? खण आणि नारळ गंगूकडे गेले होते. मैनेच्या ओंजळीत पिशवीच्या तळाचे मूठभर तांदूळ पडले. केसरीनाथाने शिट्टी मारली, ती पंचाच्या शिट्टीहून मोठी होती.

लग्न झाले, मैना सुखाने नांदली. पुढच्या वर्षी धाकट्या नातवाच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. ठकुबाई त्याने पसंत केलेल्या मुलीच्या घरी गेल्या, तर दारातच तिच्या सात मैत्रिणी पदर पसरून ओळीने बसलेल्या.

"आजी, आमी पाठराखणी!"

ठकुबाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिले आणि सोबतच्या केसरीनाथाला सांगितले, "जा रं, नारळ घेऊन ये. पोतंच आन."