लाल पेपर

या मोसमात टोमॅटोच्या बाबतीत हेडसरांना चारी मुंड्या चीत करायचंच, असं गणिताच्या सरांनी ठरवून टाकलं होतं.

हेडसर शाळेत वरिष्ठ होते, ते एक वेळ सरांनी चालवून घेतलं असतं. पण ते शेजारीही होते. दर मोसमात कुंपणावरून टोमॅटोंनी भरलेलं पातेलं पुढे करत आणि म्हणत, "घ्या, तुमच्याकडे काही होत नाही ना." सरांच्या वाफ्यात अगदीच होत नव्हतं असं नाही, गोट्यांएवढे व्हायचे. पण ते पातेलं बायको हसून घ्यायची, आणि सरांच्या जिव्हारी लागायचं ते हेच.

तोडगा मेहुण्याने काढला. तो रोपवाटिकेत कामाला होता. "दाजी, मातीवर मल्चिंग पेपर अंथरा. लाल घ्या. खालून लाल उजेड पानांवर पडला की टोमॅटो सुटतात नुसते." आता, हे असतं प्लास्टिकच, पण सगळे त्याला पेपर म्हणतात. पुढचं महाभारत घडलं ते या एका शब्दापायी.

कारण वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि गणिताचा पेपर सरांनीच काढला होता. अशात मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या रिकाम्या खोलीत, दाराकडे पाठ करून सर फोनवर मेहुण्याशी बोलत होते.

"पेपर मिळाला? शाब्बास. कोणाला दाखवू नकोस. आमच्या हेडसरांना तर वाससुद्धा लागता कामा नये. आणि बंडल तू फोडू नकोस, मी आलो की मिळून फोडू. मग रिझल्ट बघ कसा लागतो."

हेडसर चहाचा कप घेऊन दारात उभे होते. ते आल्या पावली परत गेले. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी ते सरांच्या घरी आले, तेव्हा सर नुकतेच मागच्या अंगणातून हात धुऊन आत आले होते.

"सर, पेपर कुठे आहे?"

सर ओले हात पंचाला पुसत राहिले. "कसला पेपर?"

"मी दारातच होतो. सगळं ऐकलंय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मग ऐका. हल्ली सगळेच करतात हे. उघड कोणी बोलत नाही, एवढंच."

"सगळे?" हेडसर मटकन खुर्चीत बसले. "किती जणांना दिलात?"

"दिला कुठे? उलट उरलाय. हवा तर तुम्ही घेऊन जा."

हेडसर ताडकन उठले. "मलाही त्यात ओढताय? उद्या संस्थेला कळवणं भाग आहे मला. नोकरी जाईल तुमची."

"टोमॅटोपायी?"

तेवढ्यात पाणी घेऊन आलेली सरांची बायको म्हणाली, "तुम्ही दोघं आधी मागच्या अंगणात चला."

अंगणात वाफ्यावर प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं आणि भोकाभोकातून टोमॅटोची रोपं डोकावत होती. शेजारी मेहुणा उरलेली गुंडाळी आवरत होता. हेडसरांना उमगायला थोडा वेळ लागला. मग ते भिंतीला धरून हसले.

"आणि परीक्षेचा पेपर?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"शाळेच्या तिजोरीत. तुम्हीच नाही का कुलूप लावलंत?"

हेडसरांचा जीव भांड्यात पडला. ते वाफ्याशी वाकले आणि त्यांनी प्लास्टिकचा एक कोपरा उचलून पाहिला. वर काळं होतं, खाली लालभडक.

"सर, लाल बाजू खाली गेलीये. उजेड काय गांडुळांना देताय?"

सरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा आभाळाकडे पाहत होता.

"पोरांना रोज ओरडता, पेपर सुलटा धरा म्हणून," हेडसर म्हणाले. आता सुलटा करायचा तर सगळी रोपं उपटावी लागणार होती. सरांनी तो तसाच ठेवला. जाता जाता हेडसरांनी गुंडाळी काखेत मारली. "उरलाय म्हणालात ना?"

मोसमात सरांचे टोमॅटो गोट्यांवरून लिंबांवर आले. सरांनी त्यातल्या त्यात मोठे वेचले, पातेल्यात रचले आणि ऐटीत कुंपणाशी गेले. पलीकडे हेडसर उभे होते. त्यांच्या हातात या वेळी पातेलं नव्हतं, परात होती, आणि मागे त्यांचा वाफा लाल लाल चमकत होता.

सरांच्या मागोमाग आलेल्या बायकोने परात हसून घेतली. सरांच्या हातातल्या पातेल्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, तुमचा पेपर फुटला."