साइट बंद व्हायच्या आत

मानवी ज्ञान नष्ट होऊ न देणं हे प्रत्येक पिढीचं कर्तव्य आहे. महाडात त्या शनिवारी हे कर्तव्य सुशांत एकटाच, बनियनवर, कुळथाच्या गोणीवर पाय ठेवून पार पाडत होता.

ज्यात प्रोग्रॅम लिहितात असा एक एडिटर तो बनवणाऱ्या कंपनीनंच बंद केला होता. त्यासाठी जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहिलेली हजारो पॅकेजं, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, कंपनीच्या साइटवर होती, आणि ती साइट संध्याकाळी बंद होणार होती. त्यातलं एक पॅकेज सुशांतनं कॉलेजात असताना लिहिलं होतं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"लोकांनी फुकट राबायचं आणि यांनी कुलूप लावायचं!" असं म्हणत त्यानं रागारागात एक टूल लिहिलं. काळ्या पडद्यावर एक कमांड दिली, की ते एकेक पॅकेज उतरवून घेई. मध्येच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. थांबलेलं पुढे चालू करायची सोय करायला वेळ नव्हता, आणि थांबवणार कोण?

थांबवणारे त्याचे वडील, आप्पा होते. दासगावला सावित्रीचं पाणी चढतंय, असा मेसेज आला होता. महाडच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. सयाजीआप्पांनी तांदूळ वरच्या मजल्यावर नेले, सिलिंडर नेला, देव नेले, मिक्सर नेला, आणि मग संगणकाची वायर ओढली.

"आप्पा! काय केलंत हे!"

"वर नेतोय. मागच्या टायमाला फ्रीज तरंगत दारापर्यंत आलावता, इसरलास?"

"अहो, जगातली पॅकेजं उतरवत होतो मी!"

"उतरवतोस काय, येड्या? समदी आळी चढवतेय!"

वरच्या मजल्यावर, देवांच्या शेजारी, टूल पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अर्ध्यावर आलं आणि डिस्क भरली. सुशांतनं बहिणीकडे पाहिलं. समीक्षानं ती नजर ओळखली.

"माझ्या साखरपुड्याच्या व्हिडिओला हात लावलास तर बघ!"

"तीन तासांचा हाय गो तो! त्यात दीड तास नुसतं जेवण हाय!"

"मग? मावशीनं दोनदा बघितला. तुझं पॅकेज कोणी बघितलं रे?"

दातओठ खात सुशांतनं स्वतःचं जे जे मोठं दिसलं ते ते पुसलं, आणि टूल तिसऱ्यांदा सुरू केलं.

या खेपेला कुणी वायर ओढली नाही. पाणीही गल्लीच्या तोंडाशी येऊन मागे फिरलं. एवढं सगळं वर वाहून नेल्यावर ते न आल्याबद्दल आप्पा नदीवर बराच वेळ चिडून होते. साइट बंद व्हायच्या जेमतेम आधी शेवटचं पॅकेज उतरलं. सुशांतचंही त्यात होतं.

"टाकलं कंपनीनं, वाचवलं महाडनं!" तो ओरडला.

त्याची आई सुंदराबाई चहा घेऊन आल्या. "दाखव तरी बाबा, येवडा घसा फोडून काय वाचवलंस ते."

सुशांतनं छाती फुगवून आपल्या पॅकेजवर क्लिक केलं. काही उघडलं नाही. पॅकेज एडिटरमध्येच चालतं. एडिटर दुपारी जागा करताना पुसला गेला होता, आणि तो फक्त त्या साइटवर मिळत असे.