सातव्या रकान्यातलं शून्य

राष्ट्रीय उत्पन्न मोजणाऱ्या खात्यात एक वरिष्ठ गणक होते. वर्षभरात लोक पैसे मोजून ज्या वस्तू आणि सेवा घेतात, त्यांची बेरीज ते बावीस वर्षं इमानेइतबारे करत आले होते. पाहणीत एकदा त्यांचंच घर निघालं, तेव्हाही त्यांनी कुणाची भीड धरली नाही. पाहणीच्या तक्त्यातल्या सातव्या रकान्यात बायकोच्या नावापुढे त्यांनी ‘उत्पादन : शून्य’ असं लिहिलं.

बायको आतल्या खोलीतून सासूबाईंची चादर बदलून येत होती. तिने ते वाचलं.

"आईंचं सगळं मी करते, त्याचं काय?"

"त्याचा पगार मिळतो का?"

"नाही."

"मग ती माया झाली. माया देशाच्या हिशेबात धरत नाहीत."

"बरं," ती म्हणाली.

सोमवारपासून ती समोरच्या वकिलांच्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सांभाळायला पगारावर जाऊ लागली. वकिलांची बायको तेवढ्याच पगारावर गणकांच्या आईकडे येऊ लागली. दोन्ही घरांतला पैसा होता तेवढाच राहिला, पण देशाचं उत्पन्न मात्र वाढलं. गणकांनी तसा अहवाल पाठवला. साहेब इतके खूश झाले, की महिन्याभरात परिपत्रक निघालं : ‘राष्ट्रहितास्तव कोणीही स्वतःच्या घरातील काम स्वतःच्या घरी करू नये.’ मग बाप शेजारच्या मुलांना पावती फाडून गोष्टी सांगू लागले आणि विकासाचा दर दुप्पट झाला. गणकांना बढती मिळाली.

बढतीच्या दिवशी सहाच्या ठोक्याला वकिलांची बायको पदर खोचून निघून गेली. गणकांची बायको घरी आली आणि पाय पसरून वर्तमानपत्र वाचत बसली. आतून आईने पाणी मागितलं. गणकांनी बायकोकडे पाहिलं.

"माझी वेळ संपली," ती पान उलटत म्हणाली.

आई अंथरुणाला खिळल्यापासून पहिल्यांदाच गणक पाण्याचा पेला घेऊन आत गेले. मान धरून पाणी कसं पाजायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. निम्मं उशीवर सांडलं. आईने उशीखालचा बटवा चाचपला.

"तुला किती द्यायचे रे?"

"काही नाही, आई," ते म्हणाले, आणि आपणच लिहिलेलं शून्य त्यांना आठवलं. त्यांना फार लाज वाटली.

हे वाचताना तुमच्या हाताशी चहाचा कप असेल. तो कुणी आणून ठेवला, आणि तेव्हा तुम्ही मान तरी वर केली होती का, याची आकडेवारी खात्याकडे उपलब्ध नाही.